मर्दानगीचा नव्हे, रक्तवाहिन्यांचा प्रश्न

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कामाचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. भाजीच्या गाड्या लागतात, उजाडेपर्यंत निम्मे सौदे उरकलेले असतात. गाळेवाले, माथाडी, ड्रायव्हर, हिशेब लिहिणारे. बहुतेक पुरुषच, आणि त्यातले बरेच पन्नाशी ओलांडलेले. चहाच्या टपरीवर शुगर, गुडघे, मुलीचं लग्न, सगळं बोललं जातं. लिंगात ताठरता येत नाही, आली तरी टिकत नाही, हे मात्र कुणी बोलत नाही. त्यावर फक्त विनोद होतात.

मसाला मार्केटमध्ये रमजानच्या आधी मी खजूर घ्यायला जातो. तिथल्या एका गाळ्यावर हिशेब लिहिणारे एक चाचा माझ्या ओळखीचे. वय साठीच्या आसपास. एकदा गाळ्यावर कुणी नसताना ते हळूच म्हणाले, "दोन वर्षं झाली. चाची रागावत नाही, गप्प राहते. तेच जास्त लागतं." त्यांनी 'ताकदीच्या' पुड्या घेऊन पाहिल्या होत्या. मी विचारलं, शुगर कधी तपासली? ते म्हणाले, "तिचा याच्याशी काय संबंध?"

संबंध सरळ आहे. ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे. लिंगातल्या रक्तवाहिन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू सगळ्याच रक्तवाहिन्यांचं नुकसान करतात. पण बारीक वाहिनी आधी कुरकुरते. म्हणून ही तक्रार कधी कधी हृदयविकाराच्या दोन-तीन वर्षं आधी येते. मधुमेहात नसाही कमजोर होतात, म्हणजे दुहेरी मार.

वय वाढतं तशी ही तक्रार वाढते, हे खरं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली. त्यात ५२ टक्के पुरुषांना ही तक्रार कमी-अधिक प्रमाणात होती. म्हणजे चाचा एकटे नव्हते. पण "वय झालं" म्हणून विषय मिटवला, की बाकीची कारणं झाकली जातात. मार्केटमध्ये ती डोळ्यांसमोरच दिसतात: गादीवरची दिवसभराची बैठक, सुटलेलं पोट, सिगारेट, मावा, दारू, जागरणं, उधारीची चिंता. नैराश्यामुळेही हे होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही होतं. पण ती गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी.

पुड्यांबद्दल एक इशारा. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत व्हायग्रामधलं सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते पोटात घेतलं, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

आपल्याकडे शरमेला हयेचं नाव देतात. पण अन्सार स्त्रिया दीन समजून घेताना लाजत नसत, म्हणून हजरत आयेशांनी त्यांचं कौतुक केलं होतं. उम्मे सुलैम यांनी तर स्त्रियांच्या अत्यंत खासगी बाबीचा प्रश्न थेट पैगंबरांना विचारला. पैगंबरांनी इलाज करून घ्यायलाही सांगितलं आहे. मग साठीच्या माणसाने डॉक्टरसमोर मान खाली का घालावी?

चाचांची शुगर तपासली, ती खूप वाढलेली निघाली. ही तक्रार नसती तर ते तपासायला गेलेच नसते. आता औषध चालू आहे, सिगारेट सुटली आहे. बाकीचं मी विचारलेलं नाही. तो त्यांचा आणि चाचीचा प्रश्न.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी असा गप्प असेल, तर त्याला आधी साध्या एमबीबीएस डॉक्टरकडे न्या. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि गरज वाटली तर हृदयाची तपासणी करून घ्या. आणि त्याच्यावर विनोद करू नका. त्या हसण्याला भिऊनच माणसं पुड्या विकणाऱ्याकडे जातात.