तांबटाचा आवाज कुठून येतो?

मन शांत करायचं म्हणजे डोक्यातले विचार काढून टाकायचे, असं मला अनेकांनी सांगितलं होतं. ते मला कधीच जमलं नाही. जमलं ते वेगळंच: मनाला घराबाहेरचा एक छोटा प्रश्न द्यायचा आणि त्याचं उत्तर डोळ्यांनी शोधत बसायचं. हे मी कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या आवारातल्या गुलमोहराकडून शिकले.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. औषधांच्या वेळा, फिजिओथेरपी, ऑफिसचं घरून चालणारं काम आणि रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलणं, असे दिवस सुरू झाले. मदतीला मावशी यायच्या, पण रात्र माझीच होती. पुढे पुढे बाबा शांत झोपलेले असले तरी मला झोप येईना. श्वासावर लक्ष ठेवून बसायचा प्रयत्न केला. माझा श्वास मोजता मोजता कान बाबांच्या श्वासाकडे जायचे आणि छातीत धडधडायला लागायचं.

जानेवारी संपत आला होता. सकाळी चहा घेऊन गॅलरीत उभी असताना तांबटाचा आवाज कानावर आला. टुक, टुक, टुक. एका लयीत, न थांबता. लहानपणापासून ऐकलेला आवाज. पण त्या दिवशी तो आधी डावीकडून आला, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून. पक्षी दोन आहेत की एकच? चहा गार होईपर्यंत मी तेच शोधत होते. सापडला तेव्हा तो एकटाच होता. गुलमोहराच्या वाळक्या फांदीच्या टोकाला उन्हात बसलेला, चिमणीपेक्षा जरासाच मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. ओरडताना तो मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत होता, म्हणून आवाज जागा बदलतोय असं वाटत होतं. भाच्याची दुर्बीण आणून पाहिलं तर आणखी गंमत दिसली. चोच मिटलेलीच होती. प्रत्येक ‘टुक’ला गळ्याच्या बाजूची कातडी टम्म फुगायची आणि लगेच बसायची.

दुर्बीण खाली ठेवली तेव्हा लक्षात आलं, एवढा वेळ मी कसलीच काळजी केली नव्हती. काळजी मी हटवली नव्हती, तिला बसायला जागाच उरली नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी, बाबांना उठवण्याआधी, मी त्याच जागी उभी राहू लागले. सोबत एक वही. तिच्यात मी फक्त प्रश्न आणि दिसलेलं उत्तर लिहायचे. आज कोण आधी आलं? आता जोडी यायची; दोघांपैकी नर कुठला? (रूपावरून कळत नाही, दोघं सारखीच दिसतात.) ढोली कोरताना फांदीच्या खालच्या बाजूलाच टोचा का मारतात? त्याचं उत्तर एका अवकाळी सरीनं दिलं: ढोलीचं तोंड खाली असल्यानं पाणी आत गेलं नाही. भोक एखाद्या मोठ्या नाण्याएवढं झालं, तशी नुसती शेपटी बाहेर दिसायची. मग पाखरू मागे सरकून तोंड बाहेर काढायचं, चोचीतला भुसा झटकायचं आणि पुन्हा आत शिरायचं. एक थकलं की दुसरं येऊन तेच काम पुढे न्यायचं. रात्रीच्या जागरणानं जड झालेल्या माझ्या डोक्याला त्या पाळ्या बघताना फार आधार वाटायचा.

असं का होतं, याचा विचार अभ्यासकांनी केला आहे. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्यानं १९८९ मधल्या त्यांच्या पुस्तकात म्हटलं की हिशेब, निर्णय, जबाबदाऱ्या यांत आपण जे लक्ष ओढूनताणून लावतो, ते थकतं. पानं, पाणी, पाखरं यांच्याकडे मात्र लक्ष आपसूक जातं आणि तेवढ्यात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. त्याआधी १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत बघत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हे वाचलं त्याच दिवशी मावशींच्या मदतीनं बाबांचा पलंग खिडकीकडे वळवला. त्यानं बाबा बरे झाले, असं मी म्हणणार नाही. पण तांबट फांदीवर आला की ते डाव्या हाताचं बोट उचलायला लागले. माझ्या वहीत काही नोंदी बाबांच्या त्या बोटानं टिपलेल्या आहेत.

मावशी मुळशीकडच्या. त्यांच्यामुळे मी घराबाहेरही बघायला लागले. राजाराम पुलाकडे, नदीच्या अंगाला टिटवी ओरडली की म्हणायच्या, “ताई, टिटवीनं उंचावर अंडी घातली की औंदा पाऊस जास्त, बघा.” खरं-खोटं कसं ठरवायचं? बघूनच. म्हणून मावशी दुपारी येऊन बसल्या की मी नदीकाठी जाऊ लागले. हे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचं हिंगणे बुद्रुक. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी इथल्या माळावर आश्रमासाठी झोपडी बांधली आणि इथून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पायी जात. आज त्या माळावर इमारती आहेत आणि मुठेत सांडपाणी. शांतता मिळवायची म्हणून मी त्या वासाकडे दुर्लक्ष केलं नाही. वहीत तोही लिहिला. लांब लाल पायांचे शेकाटे त्याच पाण्यात चोच घालताना दिसले. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पात्र गढूळ होऊन दुथडी वाहायचं आणि टिटव्यांची जागा बुडायची. सप्टेंबर उलटला की खडकांवर शेपूट हलवत करडा धोबी उतरायचा, थेट हिमालयाकडून. या सगळ्याला माझ्या घरातल्या दुखण्याची काहीच खबर नव्हती, आणि मला त्याचंच बरं वाटायचं.

तांबट दिसला त्याच वर्षी, मार्चअखेर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पावसाळ्याआधी गुलमोहराच्या वाळक्या फांद्या उतरवायचा विषय निघाला. अध्यक्ष काका म्हणाले, “फांदी कोणाच्या गाडीवर पडली तर जबाबदार कोण?” प्रश्न रास्त होता. मी वही घेऊन गेले आणि तारखा वाचून दाखवल्या: ढोली कधी पूर्ण झाली, दोघं पाळीपाळीनं आत कधीपासून बसतात. पिल्लं उडेपर्यंत खालची पार्किंगची जागा मोकळी ठेवायची, असं ठरलं. मग एका सकाळी ढोलीतून पिल्लाचं डोकं बाहेर आलं आणि आई-बाप चोचीत उंबराची फळं घेऊन त्याच्यापुढे आळीपाळीनं बसले. पिल्लं उडून गेल्यावर महापालिकेची परवानगी घेऊन फांदीचा लांब शेंडा उतरवला, ढोलीचा भाग राखला. त्या ढोलीत आता तांबट रात्रीच्या मुक्कामाला येतो.

बाबांचं आजारपण संपलेलं नाही. मला मात्र पुन्हा झोप लागते. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. महाबळेश्वरला जायची गरज नाही. गॅलरीतून दिसणारं एक झाड धरा, रोज ठरलेल्या वेळी त्याच्यापुढे बसा, एक प्रश्न घ्या आणि उत्तर लिहून ठेवा. आणि तांबट, मैना, दयाळ, पोपट अशा कितीतरी पाखरांची घरं ढोल्यांतच असतात. तेव्हा आपल्या सोसायटीतली वाळकी फांदी उतरवण्याआधी फेब्रुवारी ते मे एकदा नीट वर बघा. धोका नसेल तर ती राहू द्या.