चिंचोक्यांचा डबा

चिंच फोडायचं काम फाल्गुन-चैत्रात निघायचं. सोप्यात बायका दगड-बत्ते घेऊन बसायच्या, गर मिठात कालवून बरणीत जायचा आणि चिंचोक्यांचा ढीग बाजूला वाढत राहायचा. त्याला गिऱ्हाइकं भरपूर. काही चिंचोके भाजून खाण्यात संपायचे, काही खळीसाठी घोंगड्या विणणाऱ्यांकडे जायचे. उरलेले पत्र्याच्या डब्यात पडायचे आणि त्या डब्यावर आम्हा पोरांचा हक्क. चिंचोका फरशीवर खसाखसा घासायचा आणि शेजारच्याच्या दंडाला लावायचा. चटका बसून तो ओरडला पाहिजे. शास्त्राची ओळख अशी झाली. गणिताचीही त्याच डब्यातून झाली, फक्त ती कुणी मुद्दाम करून दिली नाही.

आजी आमच्याशी एकी का बेकी खेळायची. मुठीत चिंचोके झाकायची आणि आम्ही ओळखायचं. मूठ उघडली की ती मोजत बसत नसे. दोन बोटांनी जोड्या सरकवत न्यायची. शेवटी एकटा उरला तर एकी. आम्ही जरा तयार झाल्यावर तिने दोन्ही मुठी पुढे केल्या. हिच्यातही एकी, तिच्यातही एकी, मग मिळून काय? दोन्हीकडचे एकटे उरलेले एकमेकांना भेटले, जोडी जमली, बेकी झाली. पुढे शाळेत ‘विषम अधिक विषम बरोबर सम’ फळ्यावर आलं, तेव्हा मला त्यात नवीन काही दिसेना.

खरी मजा पटाची. जमिनीवर कोळशाने पाच बाय पाच घरं आखायची, चारी कडांच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यावर फुली मारायची. एका अंगाने घासून पांढरे केलेले चार चिंचोके हेच फासे. जितके पांढरे वर, तितकं दान. चारही पांढरे पडले तर चार, चारही तपकिरी पडले तर आठ, आणि या दोन्हींना पुन्हा टाकायला मिळतं. आजीला अक्षरओळख नव्हती. पण जिथे सोंगटी मारता येत नाही ती फुली सोडली, तर तिची सोंगटी आमच्या सोंगटीच्या बरोबर दोन घरं पुढे म्हणून कधी थांबायची नाही. चार घरं पुढे चालेल, नाइलाजाने एकही चालेल, दोन नको. विचारलं तर म्हणायची, “दोनाचं दान लई पडतं, बाई.”

कॉलेजात संभाव्यता शिकताना मी हे कागदावर मांडून पाहिलं. चार चिंचोके पडण्याच्या रीती १६. त्यांतली आठाची १, चाराची १, एकाच्या ४, तिनाच्या ४ आणि दोनाच्या ६. १, ४, ६, ४, १ ही ओळ मेरुप्रस्तारातली. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिताना हलायुधाने दहाव्या शतकात तो मांडला, लघु-गुरूंच्या रचना मोजायला. आमच्या पुस्तकात तो पास्कलच्या नावावर होता. आता, घासलेल्या चिंचोक्याचं एक अंग सपाट आणि दुसरं फुगीर, त्यामुळे हिशेब थोडा इकडेतिकडे व्हायचाच. माझ्या मुलीने पुढे वहीत पानभर रेघोट्या मारून दानं मोजली, तेव्हाही दोनाचीच रांग सगळ्यांत लांब निघाली.

ही मुलगी दुसरीत हातच्यापाशी अडायची. मी रिकाम्या काडेपेट्यांत दहा-दहा चिंचोके भरले. बत्तिसांतून पंधरा द्यायचे होते: तीन पेट्या, दोन सुटे. पाच सुटे मागितल्यावर तिने पेट्यांकडे पाहिलं, एक उघडली, भसकन ओतली आणि म्हणाली, “आता बारा झाले, घे.” वहीतली खाडाखोड त्यानंतर पटकन समजली.

मग रांगा लावायचं वेड लागलं. बारा चिंचोके दोनांच्या, तिनांच्या, चारांच्या, सहांच्या रांगांत गुमान बसले. तेरावा घातला आणि सगळं बिघडलं. दोनांच्या रांगांत एक उरला, तिनांच्या रांगांत एक, चारांच्या एक, पाचांच्या तर तीन. “हा तेरा कुणाशीच खेळत नाही,” ती वैतागून म्हणाली. असे न खेळणारे आणखी कोण, याचा शोध मग जेवणाच्या ताटावरही चालायचा. मूळ संख्या शाळेत यायला अजून बराच अवकाश होता.

चिंचोक्यांना शिक्षणात मानाचं पान आमच्या घराने दिलेलं नाही. माँटेसोरी पद्धतीचं साहित्य देखणं, पण महाग. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, खडे असं हाताशी मिळणारं साहित्य वापरात आणलं. कोसबाडला अनुताई वाघांनी तेच पुढे नेलं. हल्ली दुकानांत गणिताचे रंगीत संच मिळतात. त्यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती डाव रंगात असताना मध्येच “मग यातून आपण काय शिकलो?” असं विचारणाऱ्या आईबापांना. मूल तिथून उठून जातं आणि शहाणपणा करतं. पटावर ते सोंगटी वाचवायला मोजतं, आणि घर चुकवलं तर समोरचा सोडत नाही. त्याहून कडक तपासनीस कुठल्या शाळेत मिळायचा? अर्थात खेळाने सगळं भागत नाही. सात आठे छप्पन हे पाठच करावं लागतं. आजीलाही पावकी-निमकी तोंडपाठ होती, ऐकून ऐकून.

येत्या चैत्रात चिंच फोडाल तेव्हा चिंचोके फेकू नका. धुऊन कडक उन्हात वाळवा, नाहीतर कीड लागते. शंभरेक पुरे होतात. खडूने पट आखा आणि मुलाशी जिंकायला म्हणूनच खेळा. मुद्दाम हरलेलं पोरांना लगेच कळतं. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल, तर मात्र डबा वरच्या फळीवर ठेवा. नाकात चिंचोका घालणारं एखादं तरी पोर प्रत्येक घरात निघतंच.