अकरा-दहा

मंडळी, आजची पोस्ट खो-खोवर आहे. क्रिकेटवाल्यांनी लगेच पळून जाऊ नये, मध्ये स्मृती मंधानापण येणार आहे. :)

तासगावात तालुकास्तरीय शालेय खो-खो स्पर्धा झाल्या, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या. माझी भाची यंदा तिच्या शाळेच्या संघात आहे. संघात म्हणजे बदली खेळाडू, त्यामुळे बहुतेक वेळ रेषेबाहेर बसून आरडाओरडा करायचं काम. तिची पाण्याची बाटली, केळी आणि भिजलेले बूट सांभाळायला मी अख्खा दिवस मैदानावर होते. आदल्या रात्री पाऊस झालेला. सकाळी शिपायानं मैदानावर मुरूम टाकला, वर्गातली दोन बाकं आणून पंचांचं टेबल मांडलं, फक्कीच्या रेषा मारल्या आणि सामने सुरू झाले. प्रेक्षक म्हणजे खेळणाऱ्या शाळांच्याच मुली, त्यांचे सर आणि बाई, आणि माझ्यासारखे पाच-सहा पालक. आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीभोवती यापेक्षा जास्त माणसं असतात.

परदेशातल्या भाचरांसाठी थोडक्यात खेळ सांगते. आठ जणी एका रांगेत बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पळत पाठलाग करते. समोरच्या संघाच्या तीन-तीन जणींची तुकडी आत येते आणि त्यांना हात लावून बाद करायचं. पळणारी बसलेल्यांच्या मधून हवी तशी इकडून तिकडे जाऊ शकते, पाठलाग करणारी मात्र नाही. एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत तिला मागे वळता येत नाही. मग ती काय करते, बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ देते आणि तिच्या जागी स्वतः बसते. एक गडी बाद, एक गुण. हिशेब इतका सोपा आहे. खेळ सोपा नाही.

दिवसभरात मी चार सामने बघितले. तीन मुली डोक्यातून जात नाहीत. नावं मुद्दामच लिहीत नाही, शाळकरी पोरी आहेत.

पहिली, हिरव्या जर्सीतली आठ नंबर. वाडीवरच्या शाळेची, अनवाणी, दोन्ही पायांच्या अंगठ्यांना चिकटपट्टी. जर्सी कुणाची तरी जुनी असावी, खांद्यावर पिना लावून आवळलेली. उपांत्य सामन्यात तिच्या दोन्ही सोबतिणी मिनिटाच्या आत बाद झाल्या आणि ही एकटी राहिली. मोबाइलवर वेळ लावली होती म्हणून सांगते, ही पोर तीन मिनिटं वीस सेकंद पळत होती. खूप जोरात पळत होती असंही नाही. ती बघत होती पाठलाग करणारीच्या खांद्याकडे. खांदा कलला की ही बसलेल्या दोघींमधून पलीकडे. साखळी धरून चाललीय असं वाटेपर्यंत एक हुलकावणी, की समोरची खो द्यायला वाकलेली आणि ही तीन पाट्या मागे. शेवटी बाद झाली तेव्हा समोरच्या संघाच्या मुलींनीपण टाळ्या वाजवल्या.

दुसरी, निळ्या संघातली उंच मुलगी. हा माझ्या भाचीचा संघ. खांबाजवळ हिचं राज्य. एका हातानं खांब धरून अख्खं शरीर आडवं झोकून द्यायचं आणि बोटांच्या टोकांनी गडी टिपायचा. दिवसभरात असे पाच गडी तरी तिनं घेतले असतील. कोपर सोललेलं, त्यावर माती थापून पुन्हा उभी. फोटो काढावा असं खेळणारी.

तिसरीबद्दल सांगायला जरा वेळ लागेल. हिरव्या संघातली चार नंबर. बुटकी, दोन वेण्या वर बांधलेल्या. मला दुपारपर्यंत ती दिसलीच नव्हती. मग लक्षात आलं, की हिरव्या संघानं गडी बाद केला की त्याच्या आधीचा खो बहुतेक वेळा हिचा असतो. तीन-चार पावलं पळायची, समोरचीला एका बाजूला रेटत न्यायची आणि नेमक्या क्षणी पुढच्या पाठीवर थाप. उठणारी उठते ती थेट गड्याच्या अंगावरच. पण गुणपत्रिकेत गडी कुणी बाद केला त्याचीच नोंद होते, खो कुणी दिला त्याची नाही. चार नंबरच्या नावापुढे दिवसभरात फार काही लिहिलं गेलं नसणार.

अंतिम सामना निळ्या आणि हिरव्यांत झाला. पहिल्या डावात निळे सहा, हिरवे पाच. दुसऱ्या डावात निळ्यांनी अजून पाच घेतले. त्यातली आठ नंबर आमच्या उंच मुलीनंच खांबावर टिपली, चाळीस सेकंदांत. भाची आनंदानं नाचली, आणि मला मात्र काहीतरी चुटपुट लागली. हिरव्यांना जिंकायला सात हवे होते, बरोबरीला सहा. त्यांनी पाच घेतले. अकरा-दहा. अर्धा मिनिट उरला होता आणि चार नंबर एका गड्याच्या मागे होती. दोन हातांचं अंतर असेल. बाहेरून सगळे ओरडत होते, “मार सूर, मार!” तिनं सूर मारला नाही, खो दिला. उठणारी मुलगी थकली होती की बावरली कोण जाणे, एक क्षण उशिरा उठली. गडी निसटला. पुन्हा पाठलाग, आणि शिट्टी.

निळ्या मुलींनी एकमेकींना उचलून घेतलं. हिरव्यांच्या बाजूला चार नंबर एकटी उभी. त्यांच्यातलंच कुणीतरी म्हणालं, “स्वतःच मारायचा हुता की सूर.” ती काही बोलली नाही. मी अगदी रेषेजवळ बसले होते म्हणून सांगते, सूर पोचला नसता. गडी आतल्या बाजूला वळत होता, खो हाच बरोबर होता. पण बरोबर खेळलेला तो खो आता कुठेही लिहिलेला नाही. लिहिलंय ते अकरा-दहा.

आता यात इतकं काय, खेळात हारजीत असतेच, असं तुम्ही म्हणाल. मुद्दा पुढे आहे. शालेय स्पर्धेत जिंकलेल्या शाळेचा संघ पुढे जातो. तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला (आपला कोल्हापूर विभाग), मग राज्याला. म्हणजे माझी भाची, जी दिवसभरात जेमतेम एक पळती खेळली, ती जिल्ह्याला जाणार. आणि आठ नंबर आणि चार नंबर घरी. एका गुणानं.

माझी चुलत बहीण न्यू जर्सीत असते, तिची मुलगी शाळेकडून बास्केटबॉल खेळते. तिकडे शोकेस नावाचा प्रकार असतो. शाळांचे संघ एका ठिकाणी बोलावतात, सामने लावतात आणि कॉलेजांचे कोच वह्या घेऊन बसतात. कोण जिंकलं याला महत्त्व आहेच, पण वहीत लिहिलं जातं ते मुलीचं नाव. बहीण फोनवर सांगत होती, की यांचा संघ दोन्ही सामने हरला तरी संघातल्या एका मुलीची एका कॉलेजनं चौकशी केली. हे सगळं तिकडेसुद्धा आपोआप झालेलं नाही बरं का. १९७२ साली टायटल नाइन नावाचा कायदा झाला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करायला बंदी आली. त्याआधी अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलला खेळणाऱ्या मुली तीन लाखसुद्धा नव्हत्या, आता तीस लाखांच्या वर आहेत. मुलींना खेळायला मैदान द्यावं लागतं आणि मग कुणीतरी येऊन बघावंही लागतं.

आपल्याकडे मुली कमी आहेत असं तर मुळीच नाही. आपला सांगली जिल्हाच घ्या. स्मृती मंधाना माधवनगरची. नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात निवडली गेली, २०१३ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद २२४ केल्या आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती. सांगलीचीच काजोल सरगर, जून २०२२ मध्ये पंचकुल्याला खेलो इंडियात ४० किलो गटात एकूण ११३ किलो वजन उचलून सुवर्ण घेऊन आली. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि गदा घेतली तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. २२४ धावा, ११३ किलो, एक कुस्ती. हे आकडे त्या त्या मुलीचे स्वतःचे आहेत. ते तिच्याबरोबर पुढच्या गावाला जातात. खो-खोत मुलीचा स्वतःचा आकडा फार तोकडा असतो, आणि चार नंबरसारखीचा तर नसतोच. तिच्यासाठी कुणीतरी तिथं बसून बघणारं लागतं.

आणि खेळ आपलाच आहे हो! नियम पुण्यात बसले, महिलांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९६०-६१ ला कोल्हापुरात झाली. उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) सारिका काळेनं २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्ण आणलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो तब्बल बावीस वर्षांनी मिळत होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, त्यात प्रियंका इंगळेच्या संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं. पण अल्टिमेट खो-खो लीग २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन्ही हंगामांत फक्त पुरुषच खेळले. नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, ते खरंच मोठं आहे, पण तिथवर पोचायला आधी तालुका ओलांडावा लागतो.

बक्षीस समारंभाच्या आधी हिरव्या मुली नळावर पाय धूत होत्या. भाचीची उरलेली केळी मी त्यांना दिली. आठ नंबर म्हणाली, “मावशी, तुमची पोरगी निळ्यात हाय न्हवं?” म्हटलं, हो. “मग आमाला का केळी?” आणि सगळ्या हसल्या. चार नंबर पण. ती यंदा दहावीला आहे. वाडीवरची शाळा दहावीपर्यंतच. पुढं काय विचारलं तर म्हणाली, “अकरावीला तासगावात येनार. खेळाचं बघू म्हनत्यात घरात.” त्यांच्या बाई मराठी शिकवतात, खेळाचा तास त्यांच्याकडे जादा आहे. नियमांचं पुस्तक वाचून शिकवलं म्हणाल्या. पुस्तक वाचून असा संघ होत असेल तर माझा दंडवत.

तेवढ्यात पंचांपैकी एक जण तिथं आले. वयस्कर, गळ्यात शिट्टी तशीच. मला वाटलं आठ नंबरची चौकशी करतील. त्यांनी बाईंना विचारलं, “ती चार नंबरची, तिची जन्मतारीख काय?” जिल्हा संघाच्या निवड चाचणीसाठी वय बसतंय का ते बघत होते. चाचणी शाळेची नसते, तिथं एकेकटी मुलगी जाऊ शकते. बाईंनी तारीख सांगितली, त्यांनी शिट्टीच्या दोरीला अडकवलेल्या पेननं तळहातावर लिहून घेतली आणि आठ नंबरचीपण मागितली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण बाईंचा चेहरा काही तेवढा खुलला नाही. म्हणाल्या, चाचणी सांगलीला. इथून पंचवीसेक किलोमीटर, आधी वाडीवरून तासगावला यायचं ते वेगळं. निवड झाली तर सराव शिबिर, म्हणजे मुक्काम. घरचे तीनच प्रश्न विचारणार. कुठं राहायचं, किती दिवस, सोबत बाई कोण. पहिल्या दोन्हींची उत्तरं मिळतात, तिसऱ्याला अडतं. बाईंचं स्वतःचं मूल दोन वर्षांचं आहे.

मी सांगून आलेय, की सोबत म्हणून मी जाईन. मला काय, सांगलीला धाकटी नणंद आहेच. (वहिनी, वाचत असाल तर दोन पोरींच्या भाकऱ्या जास्त टाकाव्या लागतील.) फोन नंबर बाईंच्या वहीत लिहून दिलाय. भाचीचा संघ जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात हरला, त्याचं तिला फारसं दुःख नाही, जर्सी मिळाली यातच ती खूश आहे.

चाचणीची तारीख लागलीय म्हणे. बाईंचा फोन अजून आलेला नाही. सध्या द्राक्षांच्या छाटण्या चालू आहेत, वाडीवर सगळेच बागेत असतात, पोरीसुद्धा. उद्या रविवार आहे. मीच जाऊन येते.