गॅस गेला कुठे?

मे महिन्यात भंडाऱ्यात माझ्याकडे येणारा गाडीवाला बहुतेक वेळा निदान स्वतःच करून येतो. "एसी थंडा नाही करून राहिला जी. गॅस संपला असंल, भरून द्या." त्याची घाई मला कळते. नवतपा लागलेला असतो, पारा 45 च्या आसपास, गाडीत लेकरं किंवा म्हातारी आई, आणि पुढे नागपूरपर्यंतचा रस्ता. तरी मी आधी गॅसच्या टाकीला हात लावत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सर, तिथून ड्रायर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, या बंद वाटेने तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. रबरी पायपांतून, शाफ्टच्या सीलमधून थोडा झिरपतो. पण एका उन्हाळ्यात गाडी गरम पडावी इतका नाही. तो खरोखर कमी झाला असेल तर वाट कुठेतरी फुटली आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत वरून गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा हवेत सोडणं.

मी कानापासून सुरुवात करतो. इंजिन चालू, ब्लोअर पूर्ण, एसीचं बटण दाबलं की क्लचचा 'टक्' ऐकू आला पाहिजे. नाही आला तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच आणि वायरिंग पाहायचं. आपल्याकडे वायरिंग जरा जास्तच बारकाईने पाहावं लागतं. धान घरात आलं की उंदीरही येतात, आणि उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्यांना ऊब मिळते. दहा रुपयांची वायर कुरतडलेली असते आणि माणूस कॉम्प्रेसर बदलायच्या तयारीने आलेला असतो.

लाखांदुरातली एक गाडी अशीच आठवते. हायवेवर एसी छान चालायचा, गावात शिरून गाडी थांबली की गरम हवा. आधीच्या ठिकाणी तिला गॅस भरून दिला होता, आणि त्यानंतर त्रास वाढलाच. गेज लावलं तर हाय साइडचा काटा 350 पीएसआयच्या पुढे, लो साइडही चढलेली. गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली बसले असते. दोन्ही वर म्हणजे गॅस भरपूर आहे, त्याची उष्णता बाहेर पडत नाही. कंडेन्सरवर पाण्याची धार धरली. बघता बघता काटा 220 पर्यंत उतरला आणि आत बसलेला माणूस म्हणाला, "आली, थंडी आली!" पुढचा बंपर काढला तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तणस आणि कोंडा गच्च बसलेला. उन्हाळी धानाची मळणी याच दिवसांत चालते. रस्त्यावर जे उडतं ते गाडी ओढून घेते. पळत्या गाडीला वारा मिळतो म्हणून काम भागतं, उभ्या गाडीत एकटा पंखा पुरा पडत नाही. पाण्याचा झोत कमी ठेवून, आतल्या बाजूने बाहेर असं धुतलं. जोरात मारलं तर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या दुमडतात आणि वारा कायमचा अडतो. जादा गॅस मशीनमध्ये ओढून घेतला, तर बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेल्या मापापेक्षा तो बराच जास्त निघाला.

इथेच बहुतेकांची गफलत होते. बंद गाडीला गेज लावून "प्रेशर आहे, म्हणजे गॅस आहे" असं सांगणारे मिस्त्री आहेत. पण या एसीतला आर-134ए गॅस थोडाही द्रवरूपात आत शिल्लक असेल, तोवर बंद गाडीतलं प्रेशर तापमानावर ठरतं, वजनावर नाही. 40 अंशांत दोन्ही काटे 130 च्या जवळ उभे राहणारच, आत माप पूर्ण असो की कमी. म्हणून गॅस अंदाजाने नाही, वजनकाट्यावर भरायचा.

लीकेज शोधायला मला डोळा आणि बोट सगळ्यात जास्त कामी येतात. गॅस निसटतो तेव्हा सोबत थोडं तेल घेऊन जातो, त्या तेलावर धूळ बसते. पायपाच्या जोडावर काळसर, ओलसर डाग दिसला की बोट फिरवायचं. चिकट लागलं तर बहुधा तिथली ओ-रिंग गेली. तिथे साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. बाहेर काहीच सापडलं नाही तर नायट्रोजन भरून ठेवायचा आणि काटा उतरतो का ते पाहायचं. कूलिंग कॉइल फुटली असेल तर डॅशबोर्ड खोलावा लागतो. ते दिवसभराचं काम, आणि गिऱ्हाइकाला हे ऐकवणं जड जातं. पण सांगावंच लागतं.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम. अर्धा तास पंप चालवायचा, काटा उणे 29 इंचांच्या आसपास न्यायचा, पंप बंद करून तो तिथेच थांबतो का पाहायचं. आत ओल राहिली तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी तिचा बर्फ होतो. मग एसी थोडा वेळ चालतो, बंद पडतो, परत चालतो, आणि कोणालाच काही कळत नाही.

आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणूनच जुन्या आर-12 गॅसच्या जागी तो आला. पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट जड आहे. 2016 च्या किगाली कराराने असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं, आणि भारताने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली. व्हॉल्व्ह दाबून 'फुस्स' करत गॅस सोडून देणं मला म्हणूनच खपत नाही. स्वस्तातला नकली गॅस तर त्याहून वाईट. 2011 मध्ये जहाजांवरच्या थंड कंटेनरांत असा गॅस गेला, त्यातल्या मिथाइल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन स्फोट झाले आणि कामगार मेले.

तुमच्या गाडीचा एसी गरम पडला तर मिस्त्रीला, तो मी असो की दुसरा कोणी, पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. लीकेज कुठे सापडलं? व्हॅक्यूम किती वेळ धरला? आणि लेबलवर किती ग्रॅम लिहिलेत, भरणार किती? उत्तर नीट मिळालं नाही, तर गॅस भरू देऊ नका.