मासा दिसतच नाही

‘दादा, मासा दिसतच नाही हो. पैसे मोजून आणलाय, बघायला तरी मिळायला नको का?’ पुण्यात घरोघरच्या आणि दवाखान्यांतल्या माशांच्या टाक्या सांभाळायचं काम मी करतो, आणि हा फोन मला पाठ झालाय. फोन करणाऱ्याने तोवर स्वतःच्या डोक्याने इलाजही केलेला असतो. दगड, लाकूड बाहेर काढून ठेवलेलं, लाइट दिवसभर चालू, आणि मासा फिल्टरच्या मागच्या फटीत अंग चोरून उभा. मी गेलो की काढलेलं सगळं परत आत टाकतो. गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. मासा लपतो म्हणून याला बोलावलं, आणि हा लपायच्या जागाच वाढवून चालला!

गणित खरोखरच असं उलटं आहे. जवळ बीळ असलेला मासा बिळाबाहेर हिंडतो, कारण वेळ आलीच तर कुठे घुसायचं हे त्याचं ठरलेलं असतं. ज्याला बीळच नाही तो मिळेल ती फट धरून बसतो आणि खायलासुद्धा ती सोडत नाही.

अर्थात दगडधोंड्यांच्या आधी पाणी. मासा बुजलाय की गुदमरतोय, हे आधी बघायचं. पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करणारा, कल्ले भराभर हलवणारा मासा लाजरा नसतो. पाण्यात अमोनिया साठलेला असतो, किंवा क्लोरीन न काढता नळाचं पाणी तसंच ओतलेलं असतं. डासांच्या औषधांचंही लोकांच्या ध्यानात येत नाही. त्यांतली बरीचशी पायरेथ्रॉइड जातीची, माशांना जहाल. खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडणं हेच एअर पंपाचं काम, तेव्हा फवारलेलं औषध तो इमानेइतबारे माशापर्यंत पोचवतो.

पाणी चांगलं निघालं, तर मग भीतीचा विचार. इथे मला झेब्रा लोचबद्दल सांगायलाच हवं. शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायटा. पिवळसर अंगावर बारीक काळपट पट्टे, तोंडाशी आखूड मिशा, लांबी बोटभर. दुकानात तो इंपोर्टेडच्या थाटात विकला जातो, पण आहे आपल्या सह्याद्रीतला. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात, कोल्हापूरकडच्या नद्यांत राहणारा. पश्चिम घाटाबाहेर तो सापडत नाही, आणि आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. त्यामुळे मी स्वतःहून तो कोणाला सुचवत नाही. पण आणणारच असाल तर पाच-सहा आणा, नाहीतर एकही नको. लोक नेमका एक नग आणतात. कळपातला मासा एकटा पडला की रंग उतरतो, पर अंगाशी मिटून घेतो आणि कोपरा गाठतो.

एका दाताच्या दवाखान्यात असाच एक होता. बाहेर बसलेले पेशंट आणि आतला मासा, दोघांचीही अवस्था सारखीच. टाकी दाराला लागून, कारण वास्तुवाल्याने तीच दिशा सांगितलेली. दार उघडलं की टाकीवर सावली पडायची. माशाला पापण्या नसतात, आणि वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखी बगळा किंवा खंड्या. टाकी हलवायला डॉक्टर तयार नव्हते. मग मागच्या आणि दाराकडच्या काचेला बाहेरून काळा कार्डपेपर चिकटवला, वर पिस्टियाची रोपं सोडली, लाइटला टायमर लावून तो आठ तासांवर आणला. तळाची रंगीबेरंगी खडी काढून वाळू घातली. मिशांनी तळ चाचपत खाणाऱ्या माशाला टोकदार खडी बोचते. वर नदीतले गोटे, आणि कडेला खाच पाडलेल्या दोन-तीन करवंट्या उपड्या. ‘पेशंटला करवंट्या दाखवू का?’ डॉक्टरांनी विचारलंच.

सोबतीला आणखी पाच लोच आणायचे ठरले. ते सोडताना मी जाळी वापरत नाही. या जातीच्या माशाच्या डोळ्याखाली एक दुहेरी काटा असतो. एरवी तो कातडीच्या घडीत मिटलेला. मासा घाबरला की चाकूच्या पात्यासारखा बाहेर येतो आणि जाळीच्या दोऱ्यात अडकतो. सोडवायला गेलं की कातडी फाटते. म्हणून प्लॅस्टिकचा मग पाण्यात आडवा धरायचा, दुसऱ्या हाताने मासा हळूच आत वळवायचा आणि पाण्यासकट उचलायचा. फाटलेली कातडी त्या एका माशापुरती राहत नाही. मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवून दिलं होतं की मिनो माशाच्या जखमी कातडीतून असं काही पाण्यात उतरतं, की त्याचा वास येताच अख्खा कळप पळत सुटतो. बार्ब, डॅनिओ, लोच हे त्याच मोठ्या गोतावळ्यातले. जाळी ओरबाडत फिरवली आणि नंतर सगळी टाकीच बुजली, तर त्यात नवल नाही. अशा वेळी मी थोडं पाणी बदलतो, लाइट बंद करतो आणि चक्क घरी जातो.

शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त: वरच्या पाण्यात आठ-दहा झेब्रा डॅनिओ. दिवसभर इकडून तिकडे पळणारे हे बिनधास्त मासे उघड्यावर दिसत राहिले, की तळाच्या माशाला आसपास शिकारी नसल्याची खूण पटते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉर्ज बार्लो सिक्लिड माशांचं वर्तन अभ्यासत. घाबरून लपलेल्या माशाचा कसला अभ्यास करणार? भित्र्या माशांच्या टाकीत असे सोबती सोडायच्या युक्तीवर त्यांनी १९६८ मध्ये निबंध लिहिला. दवाखान्यात डॅनिओ वर खाण्यावर तुटून पडायला लागले, तसे करवंटीच्या खाचेतून आधी मिशा, मग तोंड, मग पट्टे असे लोच बाहेर यायला लागले. त्यांच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या लाइट गेल्यावर टाकायच्या, हे मी कंपाउंडरला बजावून ठेवलं होतं.

फायटर किंवा गुरामीसारख्या माशांना मी देशी बदामाची वाळलेली पानं घालतो. सोसायटीच्या आवारात फुकट मिळतात, फक्त झाडावर औषध मारलेलं नसावं. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो, उजेड मंदावतो, मासे निवांत होतात. मालक मात्र पाणी घाण झालं म्हणून फोन करतात.

विसर्जनाच्या मिरवणुकीपुढे माझी कुठलीच युक्ती चालत नाही. रस्त्यालगतच्या टाकीखाली थर्माकोल घातलेला असला तरी डीजेचा ठोका आत पोचतोच. त्या दिवशी खाणं बंद, लाइट बंद, एवढंच सांगतो.

आणि काही मासे भित्रे नसतातच, नुसते रात्रीचे असतात. सकर घ्या, बरेचसे कॅटफिश घ्या. दिवसा ते लाकडाखाली झोपणार. परवा एका काकांनी अशाच एका कॅटफिशसाठी बोलावलं. पाणी तपासलं, मासा बघितला, टुणटुणीत होता. ‘मग मी बघायचं काय?’ काका वैतागले. म्हटलं, रात्री जेवणं झाली की हॉलचा लाइट घालवून बसा. तेवढा धीर नसेल तर डॅनिओ आणून देतो.