उपासना चालविणे : एक प्रयोजक क्रियापद

'पुढारी' हा मराठी शब्द आता इतका मळला आहे, की एखाद्या गुणी तरुणाचे कौतुक करताना तो वापरावयाचे धाडस होत नाही. 'नेतृत्वगुण' या शब्दाची अवस्था निराळी असली तरी फारशी बरी नाही. व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांनी तो गुळगुळीत करून टाकला आहे. मराठी ख्रिस्ती मंडळींत मात्र एक साधे क्रियापद टिकून आहे. रविवारी मंडळीपुढे उभे राहून गीते सांगणारा आणि सर्वांना गाण्यात घेणारा जो असतो, त्याच्याविषयी 'आज उपासना कोण चालविणार?' असे विचारले जाते. अलीकडची मुले 'वर्शिप लीडर' म्हणतात, पण घरातील वडीलधारी माणसे अजून 'चालविणे'च म्हणतात. व्याकरणाच्या तासाला आपण विद्यार्थ्यांस सांगतो, की 'चालणे' हे मूळ क्रियापद आणि 'चालविणे' हे प्रयोजक. कर्ता क्रिया स्वतः न करता दुसऱ्याकडून करवितो, तेव्हा प्रयोजक रूप येते. या व्याख्येचा अर्थ आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस जसा दाखविला, तसा तो कोणत्याही व्याकरणग्रंथात आम्हांस दिसला नव्हता.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात आमची बरीच वर्षे गेली. या भूमीत मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय पुस्तकातून बाहेर येऊन समोर उभा राहतो. 'ज्ञानोदय' १८४२ साली येथेच सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा मोठा भाग याच परिसरात गेला. 'स्मृतिचित्रे' आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. तरीही चर्चमधील गायन हा आमच्यासाठी ऐकीव विषय होता. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि आमच्यापैकी एकाचे घर तर पिढीजात वारकरी. २०१८ साली एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी 'ख्रिस्ती कीर्तन' हा विषय प्रकल्पासाठी घेऊन आला. वय तेवीस, आवाज उत्तम, आणि तालुक्याच्या गावातील आपल्या मंडळीची उपासना तो वर्षभरापासून चालवीत होता. "सर, मॅडम, एकदा ऐकायला या," असे त्याने आग्रहाने सांगितले, म्हणून आम्ही गेलो.

त्या रविवारी व्यासपीठावर कीबोर्ड, गिटार आणि ड्रमसेट होता. भिंतीवरील पडद्यावर गीतांचे शब्द येत होते. काही मराठी, बरीचशी हिंदी. मुलगा पांढरी चारमध्ये गात होता आणि तारसप्तकात सहज जात होता. ऐकणाऱ्याने माना डोलवाव्यात असेच ते गाणे होते. परंतु डाव्या बाजूला बसलेल्या वयस्क स्त्रियांकडे पाहिले तर त्यांचे ओठ मिटलेले होते. गीत अंतऱ्यावर चढले, की जे थोडेफार आवाज येत तेही गळून पडत. चौथ्या रांगेत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक बसले होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. तीस वर्षे त्यांनी या मंडळीत पेटी वाजविली होती. ती पेटी आता खोळ घालून व्यासपीठाच्या कडेला ठेवलेली होती. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. तरुण मुले उपासनेला टिकावीत म्हणून समितीने नवी वाद्ये घेतली होती, आणि ती मुले खरोखरच येत होती.

बाहेर पडल्यावर त्याने विचारले, "कसे वाटले?" आमच्यापैकी एकाने उलट विचारले, "बाकीचे गात होते का?" तो क्षणभर थांबला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "गात असतील. मला मॉनिटरमधून माझाच आवाज ऐकू येतो."

त्यानंतर महिन्याभराने घडलेला प्रसंग त्याने आम्हांस विभागात बसून सांगितला. मंडळीतील एक वृद्ध बाई वारल्या. दिवस पावसाळ्याचे, वार कामाचा. वादक मुले कोणी नोकरीवर, कोणी कॉलेजात. गावाबाहेरच्या कब्रस्तानात वीज नाही, पडदा नाही, माईक नाही. छत्रीखाली मोबाईल धरून त्याने एक नवे गीत सुरू केले. दोन ओळींपर्यंत चार-दोन आवाज साथीला आले, मग तो एकटाच उरला. लोकांना ते गीत आवडत नव्हते असे नाही. पडद्याशिवाय ते त्यांच्यापाशी नव्हतेच. तेवढ्यात मागून शेतमजुरी करणाऱ्या एका बाईने 'उपासना संगीत'मधील जुने गीत खालच्या स्वरात उचलले आणि सारी माणसे गाऊ लागली. त्या बाईला अक्षरओळख नव्हती. आमच्या विद्यार्थ्याला मात्र पहिल्या कडव्यापलीकडचे शब्द येत नव्हते. तेव्हा गुरुजी त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. प्रत्येक ओळीच्या आधी ती ओळ ते लयीतच, पण नुसती बोलत. तो ती मोठ्याने पुढे देई, आणि लोक गात. "त्या दिवशी मी गायलो नाही, नुसते शब्द पुढे पोचवले," तो म्हणाला, "आणि मी उपासना चालवायला लागल्यापासून सगळी मंडळी गायलेली मी पहिल्यांदा ऐकली."

गंमत अशी, की या पद्धतीची माहिती त्याच्या प्रकल्पाच्या पहिल्या प्रकरणात त्यानेच लिहिली होती. इंग्लंडात १६४५ साली सार्वजनिक उपासनेसाठी जी नियमावली लागू झाली, तिच्यात मंडळीतील पुष्कळांना वाचता येत नसेल तर नेमलेल्या माणसाने स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचावी आणि मग सर्वांनी ती गावी, अशी तजवीज होती. आपल्याकडे कीर्तनकार चरण सांगतो आणि टाळकरी तो उचलून धरतात, ती रीत याहून फार दूरची नाही. नगर परिसरात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपली ख्रिस्ती गीते अभंगाच्या आणि पदांच्या चालींवर बेतली. इंग्रजी गीतांची भाषांतरे परक्या चालींवर गाताना मराठी माणसाची जीभ अडखळत असे. टिळकांच्या पदरचना मंडळीच्या तोंडी बसल्या, याचे श्रेय आपण त्यांच्या काव्यगुणांना देतो आणि ते योग्यच आहे. पण त्यामागे एक निर्णयही होता : गाणाऱ्याला जे सहज पेलेल, तेथून आरंभ करावयाचा. हा निर्णय वाङ्मयीन होता तितकाच नेतृत्वाचाही होता, हे आमच्या विद्यार्थ्याला कब्रस्तानातून परतल्यावर उमगले.

पुढील काही महिने तो जे करीत गेला, ते बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. घरोघरच्या प्रार्थनासभांत त्याने आजीबाईंना आपापल्या स्वरात गाऊ दिले आणि त्यांचा आवाज कोठे तुटतो ते वहीत टिपून ठेवले. मग रविवारची गीते पांढरी चारवरून पांढरी दोनवर आणली. खालच्या स्वरात त्याचा स्वतःचा आवाज तितका खुलत नसे, आणि आवाज बसला का, असे विचारणारेही भेटले. मॉनिटर त्याने दुसरीकडे वळविला. प्रत्येक गीताचे शेवटचे कडवे वाद्यांवाचून घ्यावयाचे ठरविले, म्हणजे लोक गात आहेत की नाही हे लपून राहणार नाही. नवे गीत महिन्याला एकच, आणि ते पाठ होईपर्यंत दर रविवारी तेच.

गुरुजींचे काम अधिक अवघड होते. पेटीवर परत या, असे म्हणताच त्यांनी "आता बोटे चालत नाहीत, बाळा," म्हणून हात मागे घेतला. त्या उत्तरात वयापेक्षा दुखावलेपण जास्त आहे, हे मुलाने ओळखले. त्याने आग्रह धरला नाही. गुरुवारी संध्याकाळी तो स्वतःच वही घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागला, जुन्या गीतांच्या चाली शिकावयास. तिसऱ्या आठवड्यात गिटार वाजविणारा मुलगाही सोबत गेला. पेटी व्यासपीठावर परत आली ती पाच महिन्यांनी, आणि तीही महिन्यातून एकदाच.

ही कथा येथेच आटोपली असती तर 'जुने ते सोने' या पाटीखाली ती खपून गेली असती. तसे झाले नाही. ड्रम वाजविणारा मुलगा नाराज होऊन शहरातील दुसऱ्या मंडळीत गेला, आणि त्याच्यापाठोपाठ आणखी तीन तरुणही गेले. समितीतील एका सभासदाने, उपासना पुन्हा म्हाताऱ्यांची होऊ लागली आहे, अशी तक्रार केली, आणि ती निराधार नव्हती. आजीबाईंचा आवाज परत आणताना चार तरुण आवाज गेले. हा हिशेब त्याच्या मनातून गेला नाही, आणि आम्हीही तो पुसण्याचा प्रयत्न केला नाही. सर्वांना चालते करू पाहणाऱ्याला कोणाचा तरी वेग कमी करावा लागतो, आणि ज्याचा वेग कमी होतो तो थांबेलच असे नाही. त्या चौघांच्या घरी तो जाऊन बोलला. एक परत आला.

याच काळात त्याने आमच्यापुढे एक निरीक्षण मांडले. पवित्र शास्त्रातील १५० स्तोत्रांपैकी ५५ स्तोत्रांच्या शिरोभागी, ते मुख्य गवयाकडे सोपविल्याची नोंद आहे. कवीचे नाव पुष्कळदा आहे. पण दोन-तीन स्तोत्रे वगळता त्या गवयाचे नाव मात्र नाही. स्तोत्र ज्याच्या हाती दिल्यावाचून लोकांच्या तोंडी जाऊ शकत नव्हते, त्याला पदापुरतीच ओळख आहे. हे ऐकताच आमच्यापैकी वारकरी घरातल्याला दिंडीतील विणेकरी आठवला. दिंडीत त्याचा मान मोठा. परंतु पखवाजाच्या आणि टाळांच्या गजरात त्याची वीणा कोणाच्या कानी पडते? मान आहे आणि आवाज नाही, ही रचना आपल्या परंपरेने विचारपूर्वकच केली असावी असे आम्हांस वाटते.

मात्र यावरून नेतृत्व म्हणजे नुसती नम्रता, असा अर्थ काढू नये. पहिल्या इतिहासाच्या पुस्तकात गायन शिकविण्याचे काम कनन्याकडे आले, ते तो त्यात निपुण होता म्हणून. आणि त्याच पुस्तकात गायनाचे शिक्षण घेतलेल्यांची संख्या २८८ दिली आहे. स्वर खाली आणावयाचा तर तो वर नेता आला पाहिजे. ज्याला वर जाताच येत नाही, त्याने खाली राहण्यात कसला संयम? आमच्या विद्यार्थ्याने आपला रियाज एक दिवसही सोडला नाही. कसब वाढवीत राहावयाचे आणि ते वापरताना दुसऱ्याच्या गळ्याचा विचार करावयाचा, अशी दुहेरी शिस्त त्याने स्वतःला लावून घेतली होती.

आपल्या व्यवसायाचे क्रियापदही प्रयोजकच आहे. 'शिकणे'पासून 'शिकविणे'. आम्ही किती चांगले बोललो, हे वर्ग सुटल्यावर आम्हांस ठाऊक असते. परंतु शिकण्याची क्रिया ज्याने करावयाची, त्याच्या ओठांकडे पाहिल्यावाचून 'शिकविले' हे भूतकाळी रूप वापरता येत नाही. वाद्यांवाचून शेवटचे कडवे घेण्याची त्याची युक्ती आम्ही वर्गात आणली आहे. तासाची शेवटची दहा मिनिटे आम्ही बोलत नाही. कवितेवर विद्यार्थीच बोलतात. कधी ती दहा मिनिटे अगदी शांततेत जातात. त्या शांततेतूनही पुष्कळ कळते.

तो विद्यार्थी आता दुसऱ्या जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवितो. गाव सोडण्यापूर्वी वर्षभर तो एका परिचारिका मुलीला सोबत उभे करीत असे, आणि शेवटचे दोन महिने स्वतः मागच्या बाकावर बसत असे. आज उपासना तीच चालविते. तिला कोणत्या स्वरात गावयास सांगितलेस, असे आम्ही त्याला फोनवर विचारले. "मी कशाला सांगू?" तो म्हणाला, "आजींच्या घरी जाऊन तिचे तिनेच ठरवले."