पहिली चूक

शिक्षकाचा पेशा पत्करल्यापासून दुसऱ्यांच्या चुकांवर आम्हीं लाल शाई पुष्कळ खर्च केली आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मात्र एका जुन्या संगणकानें आमच्याच चुकीखालीं रेघ ओढली. ती हकीकत विद्यार्थिमित्रांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या वर्गांतील चारपांच मुलामुलींनीं लिनक्सची प्रणाली मूळ सोर्स कोडपासून स्वतः बांधून पाहण्याचा हट्ट धरिला. लिनक्सचा गाभा हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केला, हें पुष्कळांस ठाऊक असेल. पुढें १९९९ सालीं जेरार्ड बीकमन्स यांनीं ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हें पुस्तक सुरू केलें. तयार प्रणाली उतरवून न घेतां तिचा एकेक भाग आपल्या हातानें कसा बांधावा, हें त्यांत क्रमवार सांगितलें आहे. माणसानें लिहिलेला प्रोग्राम यंत्रास कळेल अशा रूपांत आणण्याचें काम कंपायलर करितो. म्हणून आरंभीं बिनयुटिल्स, मग जीसीसी हा कंपायलर, मग गाभ्याच्या हेडर फायली, मग ग्लिबसी, अशी ही चढण असते. खालची पायरी कच्ची राहिली, तर वरची ढासळते.

जळगांवचा मे महिना म्हणजे काय, तें येथील वाचकांस सांगावयास नको. दुपारीं वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, म्हणून सकाळीं उजाडतांच कामास लागावयाचें असा आमचा परिपाठ होता. बिनयुटिल्स सुखरूप पार पडलें. जीसीसीपाशीं घोडें अडलें. बराच वेळ पडद्यावरून अक्षरांचा पूर वाहत असे आणि शेवटीं ‘एरर २’ एवढेंच उमटे. दोन दिवसांत तीनदां असें झालें.

आज्ञा टाइप करण्याचें काम केळीच्या मळ्यांतून सायकलीवर येणाऱ्या एका मुलीकडे होतें. आम्हीं शेवटची ओळ वाचली आणि निदान ठरवून टाकिलें. जीसीसीला जीएमपी, एमपीएफआर व एमपीसी या तीन गणिती लायब्रऱ्या लागतात. त्या जागेवर ठेवावयास ही विसरली असणार! तसें आम्हीं तिला सर्वांदेखत बोलूनही दाखविलें, आणि आमचे शब्द मृदु नव्हते.

ती कांहीं वेळ खालीं पाहत राहिली. मग म्हणाली, “सर, त्या नसत्या, तर कॉन्फिगरनें सुरुवातीलाच नांव घेऊन अडविलें असतें. मीं सगळा मजकूर फायलींत सांठविला आहे. वर जाऊन पाहूं का?”

“वर कशाला? चूक तर शेवटीं आली आहे,” आम्ही म्हणालों.

“आमचे आप्पा घड बिघडला म्हणजे घडाकडे पाहत बसत नाहींत, सर. कंद कोठून आणला होता, तें आधीं आठवतात.”

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. फाईल खालून वर चाळीत गेलों. बऱ्याच ओळी मागें गेल्यावर खरी ओळ सांपडली : कंपायलरचें चालू काम ‘किल्ड’, म्हणजे ठार झालें होतें. त्या यंत्राची रॅम अवघी दोन जीबी. ती संपली म्हणजे गाभा एखाद्या खादाड कामाचा बळी देऊन बाकीचें यंत्र वांचवितो. पण ती संपली कां? तर काम लवकर उरकावें म्हणून मेकला आठ कामें एकदम चालविण्याची आज्ञा दिली होती. तो आठाचा आंकडा आम्हींच सांगितला होता! एक काम मेल्यावरही हातीं घेतलेलीं बाकीचीं कामें आपापलें बोलतच राहिलीं, आणि मूळ ओळ त्या गलबल्याखालीं पुरली गेली.

उपाय सोपा होता. अर्धवट बांधलेलें फोल्डर पुसून टाकिलें, सोर्स नव्यानें उलगडला, डिस्कवर चार जीबी जागा स्वॅपसाठीं राखली, आणि या खेपेस एका वेळीं एकच काम लाविलें. सुदैवानें त्या दिवशीं वीज टिकली. सायंकाळीं कोणतीही तक्रार न करितां पडद्यावर आज्ञेची जागा परत आली, तेव्हां मुलांनीं टाळ्या पिटल्या. त्या टाळ्या थांबल्यावर आम्हीं त्या मुलीची क्षमा मागितली. रागावलों होतों सर्वांदेखत. क्षमा कोपऱ्यांत मागणें न्यायाचें झालें नसतें.

विद्यार्थिमित्रांनो, पडद्यावरची शेवटची ओळ काम थांबलें एवढेंच सांगते. तें कां थांबलें, हें पहिली चूक सांगते. सगळा मजकूर सांठवून ठेवावा, वर जावें, आणि पहिली चूक सांपडेपर्यंत कोणास दोष देऊं नये.

पूर्वीं गणिताचें उत्तर चुकलें म्हणजे आम्ही शेवटच्या ओळीवर फुली मारून मोकळे होत असूं. हल्लीं वही तपासतांना एकेक ओळ वर चढत जातों. आणि कित्येकदां त्या पहिल्या चुकीपाशीं आम्हांस फळ्यावर घाईघाईनें उरकलेला आमचाच धडा उभा दिसतो.